शून्याच्या अलीकडे

टर्बोचार्जर हे मुळात काटकसरीचं यंत्र आहे. गाड्यांच्या गप्पांत हे सहसा कुणी मान्य करत नाही, कारण टर्बो म्हटलं की आठवतो तो वेग, पाठीला बसणारा रेटा आणि पंपावरचं बिल. पण जरा हिशेब मांडून पाहावा. पेट्रोल जळून जी उष्णता तयार होते तिचे शंभर भाग केले, तर क्रँकशाफ्टला काम म्हणून मिळतात पंचवीस-तीस. तेवढेच भाग रेडिएटर आणि इंजिनाच्या तापलेल्या अंगावरून हवेत जातात. उरलेला मोठा वाटा सायलेन्सरच्या नळीतून निघून जातो, कुणालाही काहीही न देता. ज्या माणसाला ही शेवटची गळती सलली तो स्वित्झर्लंडमधल्या विंटरटूरचा इंजिनिअर, आल्फ्रेड ब्यूखी. 1905 साली त्याने पेटंट घेतलं: जाणाऱ्या धुराच्या वाटेत एक चक्र बसवायचं, त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला हवा दाबणारं चक्र बसवायचं, आणि वाया चाललेल्या धुराकडूनच इंजिनाला जास्तीची हवा भरून घ्यायची. त्याची कल्पना कामाला लागायला दोन दशकं गेली. 1920च्या दशकात दोन जर्मन प्रवासी जहाजांवरच्या डिझेल इंजिनांना त्याची यंत्रणा बसली आणि 1,750 अश्वशक्तीचं इंजिन 2,500 देऊ लागलं. सिलिंडर तेवढेच, धूर तोच.

मग हे यंत्र उधळं म्हणून बदनाम कसं झालं? मोटारींमध्ये ते शिरलं ते ताकदीच्या दारातून. 1962 साली अमेरिकेत ओल्ड्समोबाइल जेटफायर आणि शेवरले कॉर्व्हेअरची मोन्झा स्पायडर या दोन गाड्या टर्बो घेऊन रस्त्यावर आल्या. जेटफायरचं इंजिन दाबलेल्या हवेने अवेळी पेटू नये म्हणून त्यात ऊर्ध्वपातित पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण फवारलं जाई. त्याची वेगळी टाकी असे, ती मालकाने भरायची, आणि मालक ती भरायला विसरत. टाकी रिकामी झाली की यंत्रणा बूस्ट, म्हणजे टर्बोचा जास्तीचा दाब, अडवून धरायची. त्या गाड्यांपैकी कित्येकींचे टर्बो पुढे काढूनच टाकले गेले. ब्यूखीचा मूळ विचार मोटारीत पहिल्यांदा नीट पोचवला तो माझ्या मते साबच्या स्वीडिश इंजिनिअरांनी. 1978च्या 99 टर्बोमध्ये त्यांनी टर्बो रोजच्या चालवण्यासाठी बसवला, शर्यतीसाठी नव्हे. आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला इंजिनाला एक कान दिला. नॉकिंगचा, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटल्याचा, आवाज ऐकून बूस्ट आपोआप कमी करणारा सेन्सर. त्यामुळे बरं-वाईट कुठलंही पेट्रोल पाजता येऊ लागलं आणि कॉम्प्रेशन रेशो वाढवता आला, म्हणजेच त्याच थेंबातून जास्त काम काढता आलं. आज प्रत्येक टर्बो पेट्रोल गाडीत तो कान असतो.

माझी गाडी फियाट लिनिया टी-जेट. रांजणगावच्या कारखान्यात तयार झालेली, पुण्यापासून तासाभराच्या अंतरावर. 1,368 सीसीचं इंजिन, 114 अश्वशक्ती, 207 न्यूटन मीटर टॉर्क. 2010 साली भारतात ती आली तेव्हा पेट्रोल सेडानमध्ये टर्बो हा प्रकार आपल्याकडे नवलाचा होता. मी ती सेकंडहँड घेतली. गाडी वजनदार, बाराशे किलोंच्या वर, पाच गिअर, स्टिअरिंग हाताशी बोलणारं. मूळ अवस्थेत शहरात नऊ आणि हायवेला तेरापर्यंत ॲव्हरेज पडायचं. तिच्यात जे बदल केले ते अजून ताकद हवी म्हणूनच केले, हे लपवण्याचं कारण नाही. दाबलेली हवा थंड करणारा मोठा इंटरकूलर, मोकळा एअर फिल्टर, बूस्ट दाखवणारं एक मीटर आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरचा रीमॅप. ताकद दीडशेच्या घरात गेली. काटकसरीचा विषय आला तो त्यानंतर, आणि माझी या गाडीशी खरी ओळख त्या विषयाने करून दिली.

भोसरीला एका गल्लीत ज्यांच्याकडे मी गाडी नेते, ते चाळिशीचे ट्यूनर बोलतात कमी आणि लॅपटॉपकडे बघतात जास्त. रीमॅप करून झाल्यावर त्यांनी डॅशबोर्डवरच्या त्या नव्या मीटरवर बोट ठेवलं. मधोमध शून्य, डावीकडे व्हॅक्यूम, उजवीकडे बूस्ट. म्हणाले, "ताई, मॅपमध्ये दोन गाड्या असतात. शून्याच्या अलीकडची एक आणि पलीकडची एक. लोक पैसे देतात पलीकडच्या गाडीचे. पण तुमचा नव्वद टक्के प्रवास अलीकडच्या गाडीत होणार आहे, ती पण बघून घ्या."

मीटरवरचं शून्य म्हणजे बाहेरच्या हवेइतका दाब. सुई त्याच्या डावीकडे असताना इंजिन हवा ओढून घेत असतं, उजवीकडे गेली की टर्बो हवा कोंबत असतो. अलीकडच्या भागात कॉम्प्युटर एक किलो पेट्रोलला 14.7 किलो हवा हे प्रमाण काटेकोर पाळतो. ऑक्सिजन सेन्सर प्रत्येक क्षणी धूर तपासतो, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं काम याच प्रमाणात नीट चालतं. पण सुई शून्य ओलांडून बरीच पुढे गेली की सिलिंडरमध्ये दाब आणि उष्णता दोन्ही चढतात, आणि इंजिन वाचवण्यासाठी कॉम्प्युटर जास्तीचं पेट्रोल सोडायला लागतो. प्रमाण साडेबारावर येतं, कधी त्याहूनही खाली. हे जे जास्तीचं पेट्रोल असतं ते जळण्यासाठी नसतंच, जळायला त्याला हवाच उरलेली नसते. ते फक्त वाफ होऊन आतली उष्णता शोषून घेतं आणि धुराबरोबर बाहेर पडतं. शंभर रुपयांहून महाग पेट्रोल आपण त्या क्षणी थंडावा म्हणून वापरत असतो.

ही गोष्ट कळली आणि माझ्या डोक्यात सगळ्या प्रश्नाची दिशाच फिरली. ॲव्हरेज वाढवायचं तर पेट्रोल कमी सोडायचं, मिक्स्चर लीन करायचं, असं मला आधी वाटे, अनेकांना वाटतं. खरं तर मिक्स्चर लीन करणं हा टर्बो इंजिन मारण्याचा सगळ्यात जवळचा रस्ता आहे. आणि अलीकडच्या भागात जरी थोडं लीन केलं, तरी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नायट्रोजनचे ऑक्साइड पकडू शकत नाही. आपला वाचलेला चमचाभर पैसा मागच्या स्कूटरवाल्याच्या छातीत जातो. तेव्हा वाचवायचं ते पेट्रोल नाही. कमी करायची ती उष्णता. उष्णता कमी झाली की कॉम्प्युटरला जास्तीचं पेट्रोल सोडावंच लागत नाही.

साखळी अशी आहे. टर्बो हवा दाबतो, दाबलेली हवा तापते. तापलेली हवा सिलिंडरमध्ये गेली की पेट्रोल अवेळी पेटू पाहतं. तो कान ते ऐकतो आणि स्पार्कचं टायमिंग मागे खेचतो. स्पार्क उशिरा पडला की जाळ उशिरा होतो, पिस्टनला ढकलायच्या ऐवजी त्यातली बरीचशी उष्णता धुरात जाते. धूर जास्त तापला की टर्बोच्या चक्राला धोका. पेट्रोल टर्बोच्या धुराचं तापमान तसंही आठशे-नऊशे अंशांच्या घरात असतं आणि ते एवढंसं चक्र मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेऱ्या मारत असतं. म्हणून कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. सुरुवातीला आत शिरलेल्या हवेचे वीस अंश शेवटी पेट्रोल होऊन सायलेन्सरमधून बाहेर पडतात. माझ्या जुन्या इंटरकूलरमागे एप्रिलच्या दुपारी चढावर पासष्ट अंशांपर्यंत जाणारी हवा मोठ्या इंटरकूलरने पंचेचाळीसपर्यंत आणली. तो मी बसवला होता ताकदीसाठी. काम करून गेला ॲव्हरेजचं. जी उष्णता ताकद खाते तीच पेट्रोलही खाते, आणि म्हणून ताकद शोधणारा आणि ॲव्हरेज शोधणारा हे दोघे शेवटी एकाच बॉनेटखाली एकच गोष्ट शोधत असतात.

तरीही रीमॅपनंतर काही महिन्यांनी ॲव्हरेज घसरू लागलं. ताकदीत फरक जाणवत नव्हता, पण टाकी लवकर उतरायची. भोसरीला गाडी नेली. तिथे इंजिनाचं काम करणारे एक वयस्क मेकॅनिक आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी लॅपटॉप उघडायच्या आधी चारही स्पार्क प्लग काढून फडक्यावर ओळीने मांडले. निरोगी प्लगचं पांढरं टोक फिकट बदामी होतं, ओलं नसतं, पांढरंफटकही नसतं. माझ्या प्लगांवर कोरडी काळी काजळी होती, बोटाने पुसली जाईल अशी. चाचांनी एक प्लग माझ्या हातात दिला. "बघा ताई. जळतंय कमी, पडतंय जास्त." मग त्यांनी इंटरकूलरच्या नळीचं तोंड बंद केलं, आत धूर सोडला आणि टॉर्च घेऊन वाकले. बंपरच्या मागे, जिथे रबरी नळी इंटरकूलरला मिळते, तिथून धुराचा एक बारीक धागा वर येत होता. क्लॅम्पखाली रबराला गेलेली चीर. नखाएवढी.

एवढ्याशा चिरेने काय होतं, ते ट्यूनरने लॅपटॉपवर इंजिनाच्या नोंदींचा लॉग दाखवून समजावलं. कॉम्प्युटरला ठरावीक बूस्ट हवा असतो. वाटेत हवा गळते, म्हणून तेवढ्याच बूस्टसाठी तो टर्बोला जास्त पळवतो. जास्त पळणारा टर्बो हवा जास्त तापवतो, आणि धुराची वाटही जास्त अडवतो. मग वरची सगळी साखळी पुन्हा सुरू. ड्रायव्हरला काहीच कळत नाही, कारण मागितलेली ताकद मिळत असते. किंमत मात्र गुपचूप चढलेली असते. नवी सिलिकॉनची नळी आणि चांगल्या प्रतीचा क्लॅम्प बसला. पुढच्या टाकीपासून ॲव्हरेज पूर्ववत. बदल केलेल्या टर्बो गाडीत ॲव्हरेज हा माझ्या लेखी तेव्हापासून पैशांचा आकडा कमी आणि प्रकृतीचा आकडा जास्त आहे. इंजिनावरचा लाल दिवा लागायच्या कितीतरी आधी तो बोलतो.

अर्थात तो आकडा खरा असेल तर. इथे एक गोष्ट जरा विस्ताराने सांगायला हवी, कारण तिच्यावरून भांडणं होताना मी पाहिली आहेत. गाडीत बदल केले की तिची मोजमापं बदलतात. माझ्या गाडीचे मूळ टायर 205/55 आर 16. दिसायला बरे म्हणून कुणी 205/50 घातले, तर चाकाचा व्यास तीन टक्क्यांहून थोडा जास्त घटतो. किलोमीटर मोजणाऱ्या यंत्रणेला ते माहीत नसतं. ती चाकाच्या फेऱ्या मोजते. गाडी हजार किलोमीटर दाखवते तेव्हा ती धावलेली असते 968. त्या माणसाला वाटतं टायर बदलल्यावर ॲव्हरेज वाढलं. डॅशबोर्डवर झळकणारा ॲव्हरेजचा आकडाही असाच. इंजेक्टर किती वेळ उघडा होता यावरून कॉम्प्युटर पेट्रोलचा अंदाज बांधतो. मोठे इंजेक्टर बसवले आणि मॅपमध्ये त्याची जुळणी नीट केली नाही, तर तो आकडा बिनबुडाचा. विश्वास ठेवावा तो टाकी-टू-टाकी हिशेबावरच. एकच पंप, शक्यतो तीच नोझल, पहिल्या कटला थांबायचं, आणि दोन-तीन टाक्यांची सरासरी काढायची. पंपावरच्या पोराला "अजून थोडं टाक" म्हणायचं नाही. मी हे निष्ठेने पाळते.

टायरचा विषय निघालाच आहे, तर हेही सांगते की रुंद टायर आणि जड अलॉय हे ॲव्हरेजचे शत्रू, आणि हवा कमी असणं हा त्याहून मोठा शत्रू. दर पंधरवड्याला, टायर थंड असताना हवा तपासायची. बाकी इरिडियम प्लग, महागडं ऑइल, पेट्रोलमध्ये घालायच्या बाटल्या यांबद्दल मला फारसं बोलावंसं वाटत नाही.

कायद्याबद्दल मात्र बोललं पाहिजे. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांना सोडून गाडीत फेरफार करता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019मध्ये स्पष्ट केलं आहे. या वाटेने जाणाऱ्याने ते जाणूनच जावं. मी विमा कंपनीला बदल लेखी कळवले आहेत. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढायला मी ठाम नकार दिला. तो काढला की धुराची वाट मोकळी होते, टर्बो लवकर जागा होतो, थोडं ॲव्हरेजही वाढू शकतं. हे सगळं खरं आहे. पण त्या बदल्यात जे बाहेर पडतं ते सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्या रिक्षातल्या मुलाच्या नाकात जाणार असेल, तर त्या काटकसरीला मी काटकसर म्हणणार नाही.

माझं माहेर वाळवा तालुक्यात. पुण्याहून दोनशे किलोमीटरच्या आत, आणि हा रस्ता माझी प्रयोगशाळा आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो: ऐंशीवरून शंभरवर गेलं की दर किलोमीटरला हवेशी झगडायला दीडपटीहून अधिक ऊर्जा लागते. त्यामुळे नव्वदच्या आत राहणं ही पहिली गोष्ट. पण रीमॅप केलेल्या गाडीत दुसरी गोष्ट जास्त मोलाची आहे. खालच्या फेऱ्यांना टॉर्क वाढल्यामुळे गाडी आता हायवेवरचे साधे चढ पाचव्या गिअरमध्येच दोन हजारांच्या आसपास चढते. पूर्वी तिथे चौथा टाकावा लागे. इंजिन कमी फेऱ्यांवर, थ्रॉटल बऱ्यापैकी उघडा, सुई शून्याला टेकलेली पण पलीकडे न गेलेली: पेट्रोल इंजिन सगळ्यात कमी खातं ते या अवस्थेत. थ्रॉटल अर्धवट मिटलेला असला की इंजिनाची बरीच ताकद हवा ओढून घेण्यातच जाते, तो तोटा इथे टळतो. म्हणजे पाय अगदी हलका ठेवून वरच्या फेऱ्यांवर रखडत जाण्यापेक्षा, वरच्या गिअरमध्ये जरा मोकळा पाय देणं स्वस्त पडतं. हे मला पुस्तकातून नीट कळलं नव्हतं. शिरवळच्या पुढे, खंबाटकीचा घाट लागण्याआधीच्या चढावर, मीटरची सुई बघत बघत कळलं.

खुद्द खंबाटकी चढताना माझी पद्धत ठरलेली आहे. पायथ्याशी वेग आधीच कमवायचा, चौथा टाकायचा, आणि बूस्ट थोडासाच, मूठभर, येऊ द्यायचा. सुई जिथे मिक्स्चर रिच व्हायला लागतं त्या खुणेच्या अलीकडे धरून ठेवायची. पुढच्या ट्रकला पाहून आधीच पाय काढायचा, म्हणजे ब्रेक लावून पुन्हा चढावर वेग विकत घ्यावा लागत नाही. परतताना बोगद्यातून बाहेर पडलं की तीव्र उतार. तिथे गिअर काढायचा नाही. गाडी गिअरमध्ये असताना पाय पूर्ण उचलला की इंजेक्टर बंदच होतात. चाकंच इंजिनाला फिरवत राहतात आणि पेट्रोल शून्य. न्यूट्रल केलं तर इंजिन आयडलिंगला पेट्रोल पीतच राहतं, आणि वर सगळा भार ब्रेकवर. हे आजच्या प्रत्येक फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला लागू आहे, आणि तरी कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडलेले ट्रक ब्रेक तापून अनावर होतात, माणसं मरतात. जिथे वाचत काहीच नाही तिथे वाचवण्याच्या नावाखाली. या उतारावरून जाताना मला दर वेळी राग येतो आणि वाईटही वाटतं.

टर्बो आणि काटकसर यांचा सगळ्यात सुंदर मेळ मात्र रस्त्यावर नाही, शर्यतीच्या ट्रॅकवर घातला गेला. ऐंशीच्या दशकात फॉर्म्युला वनमध्ये टर्बो इंजिनांच्या ताकदीला आवर घालायला पेट्रोलवर मर्यादा आली. 1984 साली शर्यतीला 220 लिटर, 1986 साली 195. त्या वर्षी हॉकेनहाइमला अलॅं प्रॉस्टची गाडी शेवटच्या फेरीत, अंतिम रेषा दिसत असताना, पेट्रोल संपून थांबली. तो उतरून ती ढकलू लागला. 1988 साली टर्बोवाल्यांना अवघे 150 लिटर आणि बूस्टवर अडीच बारची मर्यादा. साध्या, बिनटर्बोच्या साडेतीन लिटर इंजिनांना पेट्रोलची मर्यादाच नव्हती. टर्बोचं युग तिथेच संपावं अशी ती आखणी होती. आणि होंडाच्या दीड लिटरच्या व्ही-सिक्स इंजिनाने मॅक्लॅरेनच्या गाडीत बसून सोळापैकी पंधरा शर्यती जिंकल्या. आठ आयर्टन सेनाने, सात प्रॉस्टने. तीनशे किलोमीटरच्या शर्यतीला 150 लिटर, म्हणजे लिटरला दोन किलोमीटर. आकडा आपल्याला हास्यास्पद वाटेल. पण सहाशेहून अधिक अश्वशक्ती सांभाळत ते दोन किलोमीटर काढायला होंडाच्या लोकांनी जे केलं त्याला तोड नाही. त्यांच्या इंधनात 84 टक्के टोल्युइन होतं, नॉकिंगला दाद न देणारं पण सहज वाफ न होणारं. म्हणून त्यांनी इंधन मुद्दाम गरम केलं, आत जाणारी हवाही हवी तेवढीच थंड केली, त्याहून जास्त नाही. प्रत्येक थेंबाची वाफ झाली पाहिजे, न जळता एकही बाहेर जाता कामा नये. इंधन बदललं की इंजिनाकडे नव्याने पाहावं लागतं, हा धडा मी त्यांच्याकडून घेतला, आणि तो लगेचच उपयोगी पडला.

कारण आमच्या पंपावरचं पेट्रोल बदललं. आता टाकीत जातं ते ई-20, पाचवा हिस्सा इथेनॉल. लिटरला लिटर तुलना केली तर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. नीती आयोगाच्या 2021च्या आराखड्यातच, ई-20साठी न बनलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटेल असं लिहिलेलं आहे. माझ्या गाडीचं तसंच घटलं. जुन्या रबरी नळ्या इथेनॉल सोसत नाहीत, म्हणून त्या आधीच बदलून घेतल्या. शंभर ऑक्टेनचं पेट्रोल मिळतं, पण साधारण दीडपट दराने. त्यात ॲव्हरेजचा काय हिशेब लावायचा?

पण इथेनॉलची दुसरी बाजू टर्बोवाल्याच्या कामाची आहे. त्याचं ऑक्टेन उंच, आणि वाफ होताना ते पेट्रोलच्या अडीचपट उष्णता शोषून घेतं. म्हणजे जे काम इंटरकूलर करतो आणि जे काम जास्तीचं पेट्रोल करतं, ते इथेनॉल स्वतःच थोडंफार करतं. फक्त कॉम्प्युटरला ते माहीत हवं. ई-20चं योग्य प्रमाण 14.7 नसून साडेतेराच्या आसपास आहे. आणि टायमिंगचा तक्ता जुन्या पेट्रोलच्या भीतीने आखलेला आहे, त्यात पुढे सरकायला वाव आहे. गेलेल्या सहा-सात टक्क्यांपैकी थोडे तिथून परत येतील, असं ट्यूनरचं म्हणणं आहे. सगळे नाही, हेही तेच सांगतात.

हे मी माहेरी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगितलं तेव्हा आम्ही शेताच्या बांधावर उभे होतो. आडसाली लागण, डोक्याच्या वर गेलेला ऊस, कडेला ठिबकच्या काळ्या नळ्या. माझ्या गाडीतल्या बदलांबद्दल आबांनी आजवर कधी फार विचारलं नव्हतं. या वेळी विचारलं, "म्हंजे ह्यातलाच काय तरी भाग तुझ्या गाडीत जातुय?" मी म्हटलं, जात असेल. सगळं इथेनॉल उसाचं नसतं, मका आणि तांदूळही असतो. पण एक टन उसाच्या रसापासून सुमारे 70 लिटर होतं. त्यांनी मनात काहीतरी आकडेमोड केली. मग म्हणाले, "आणि पाणी?"

पाण्याचा आकडा मला ठाऊक होता. त्याच सरकारी आराखड्यात तो दिलेला आहे: उसापासून एक लिटर इथेनॉल करायला सुमारे 2,860 लिटर पाणी. म्हणजे उसाचं इथेनॉल असलेल्या ई-20च्या एका लिटरमागे साडेपाचशे लिटरांहून अधिक पाणी, आणि पाट सोडून ठिबकवर येण्यासाठी आबांनी घेतलेलं कर्ज मला माहीत आहे. आबा म्हणाले, "मग तुझं बी ठिबकच की. यवढं यवढंच सोडायचं, लागंल तितकंच." इंजेक्टर नेमकं काय करतो हे मी इतके दिवस कुणाकुणाला समजावत होते, इतक्या थोडक्यात मला ते कधी सांगता आलं नव्हतं.

ई-20चा नवा मॅप पुढच्या महिन्यात होईल. अलीकडच्या गाडीवर आधी काम करायचं, असं आमचं ठरलं आहे: बूस्ट आहे तेवढाच ठेवायचा, टायमिंग टप्प्याटप्प्याने पुढे घ्यायचं, प्रत्येक टप्प्याला खंबाटकीची एक चढण लॉग करायची, आणि नॉकिंगची एक जरी नोंद दिसली तर मागे यायचं. चाचा म्हणतात, त्याआधी प्लग नवे घाला, म्हणजे नंतर काढून त्यांचा रंग वाचता येईल. आबांनी तारीख विचारून ठेवली आहे. ते सकाळच्या एसटीने पुण्याला येणार आहेत आणि चढणीच्या वेळी लॅपटॉप घेऊन मागच्या सीटवर ट्यूनरशेजारी बसणार आहेत. उसाच्या पट्टीचा कागद जसा ते ओळ न ओळ तपासतात, तसा तो लॉग त्यांना तपासायचा आहे.